गुलामगिरीचे निर्मूलन, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आफ्रिकी वंशाच्या लोकांना वंशपरंपरेने दुसऱ्याची मालमत्ता ठरविणाऱ्या प्रथेविरुद्ध झालेला प्रतिकार आणि १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने झालेला त्या प्रथेचा कायदेशीर शेवट. सु. अडीचशे वर्षे ही प्रथा तेथे रूढ होती आणि जवळजवळ तितकाच काळ तिला विरोधही होत होता. हा विरोध तीन प्रकारे झाला : गुलामांनी स्वतः केलेला प्रतिकार, मुक्त कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय सुधारक यांनी चालविलेली निर्मूलनवादी चळवळ आणि विधिमंडळे, न्यायालये व रणभूमी यांतून झालेला राजकीय संघर्ष. निर्मूलनाचे श्रेय दीर्घकाळ मुख्यत्वे अब्राहम लिंकन (१८०९–६५) आणि उत्तरेकडील सुधारक यांना देण्यात येई. विसाव्या शतकातील संशोधनामुळे गुलामांच्या स्वतःच्या कृतीचे महत्त्व स्पष्ट झाले असून या तिन्ही प्रवाहांचा परस्परसंबंध ध्यानात घेतल्याशिवाय निर्मूलनाची प्रक्रिया उलगडत नाही.

प्रथेचा उदय व स्वरूप : ऑगस्ट १६१९ मध्ये व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीतील पॉइंट कंफर्ट येथे एका जहाजातून वीसहून काही अधिक आफ्रिकी बंदिवान उतरविण्यात आले. ही घटना इंग्रज वसाहतींतील गुलामगिरीचा आरंभ मानली जाते. आरंभी अशा लोकांचा कायदेशीर दर्जा निश्चित नव्हता; काहींना ठराविक काळानंतर स्वातंत्र्य मिळाल्याची उदाहरणे आढळतात. पुढे मात्र कायद्याने ही वाट बंद होत गेली. व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने अपत्याचा दर्जा मातेच्या दर्जावरून ठरेल, असा नियम केला. त्यामुळे गुलाम स्त्रीपोटी जन्मलेले मूल, त्याचा पिता मुक्त गौरवर्णीय असला तरी, जन्मतःच गुलाम ठरू लागले. १७०५ च्या संहितेने हे निर्बंध एकत्र करून अधिक कडक केले. अटलांटिकपारच्या व्यापारात एकूण सु. १ कोटी २५ लाख आफ्रिकी लोकांना जहाजांवर चढविण्यात आले व त्यांपैकी सु. १ कोटी ७ लाख लोक अमेरिका खंडांच्या किनाऱ्यांना जिवंत पोहोचले. यांतील बहुसंख्य ब्राझील व कॅरिबियन बेटे येथे गेले. उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर थेट आणलेल्यांची संख्या चार लाखांहून काहीशी कमी होती.

तंबाखू, भात व नीळ यांच्या मळ्यांवर पोसलेली ही प्रथा अठराव्या शतकाच्या अखेरीस क्षीण होईल, असे काहींना वाटत होते. १७९३ मध्ये एली व्हिटनी याने सरकीपासून कापूस जलद वेगळा करणारे यंत्र तयार केले आणि ब्रिटनमधील गिरण्यांची कापसाची मागणीही वाढत गेली. परिणामी कापसाचे मळे जॉर्जियापासून टेक्ससपर्यंत पसरले. १ जानेवारी १८०८ पासून परदेशांतून गुलाम आणण्यास बंदी झाली. परंतु देशांतर्गत व्यापार वाढला आणि १७९० ते १८६० या काळात व्हर्जिनिया, मेरिलंड इ. जुन्या राज्यांतून सु. दहा लाख गुलाम दक्षिणेच्या व नैर्ऋत्येच्या नव्या प्रदेशांत नेण्यात आले. त्यांतील पुष्कळ विकले गेले होते. अशा विक्रीने पति-पत्नींची व माता-मुलांची ताटातूट होई. गुलामांच्या विवाहास कायद्याची मान्यता नसल्याने तीविरुद्ध दाद मागण्याची सोयही नव्हती. १७९० मध्ये सु. ७ लाख असलेली गुलामांची संख्या १८६० मध्ये सु. ३९.५ लाखांवर गेली.

गुलामांचा प्रतिकार : मालकाच्या सत्तेला होणारा दैनंदिन विरोध बहुधा मूक स्वरूपाचा असे. काम संथपणे करणे, अवजारे मोडणे, आजाराचे निमित्त करणे, काही दिवस रानात दडून राहणे, चोरून लिहावाचावयास शिकणे व रात्री गुप्त प्रार्थनासभा भरविणे ही त्याची नेहमीची रूपे होत. पळून जाणाऱ्यांपैकी काहींनी व्हर्जिनिया व उत्तर कॅरोलायना यांच्या सीमेवरील ग्रेट डिझ्मल नावाच्या विस्तीर्ण दलदलीत पिढ्यान्‌पिढ्या वस्ती केली. काही स्पॅनिश अंमलाखालील फ्लॉरिडात गेले. तेथे १७३८ मध्ये फोर्ट मोझ ही मुक्त कृष्णवर्णीयांची वसाहत स्थापन झाली होती.

सशस्त्र उठाव तुलनेने थोडे झाले. कॅरिबियन बेटांप्रमाणे गुलाम लोकसंख्येत बहुसंख्य नव्हते, ते विखुरलेल्या मळ्यांवर राहत आणि सशस्त्र पहारेकऱ्यांच्या तुकड्या रात्रंदिवस गस्त घालीत; ही त्याची मुख्य कारणे होत. तरीही प्रत्येक पिढीत उठाव झाले. ९ सप्टेंबर १७३९ रोजी दक्षिण कॅरोलायनातील स्टोनो नदीकाठी सु. वीस गुलामांनी शस्त्रे हस्तगत करून फ्लॉरिडाच्या दिशेने कूच केले. हा उठाव मोडून काढल्यानंतर १७४० च्या कायद्याने गुलामांना लिहिण्यास शिकविणे व त्यांनी एकत्र जमणे यांवर बंदी घालण्यात आली. हैतीमध्ये १७९१ मध्ये सुरू झालेल्या गुलामांच्या क्रांतीतून १८०४ मध्ये स्वतंत्र राष्ट्र उदयास आले. या घटनेने दक्षिणेतील मळेवाल्यांत धास्ती आणि गुलामांत आशा निर्माण केली. १८०० मध्ये व्हर्जिनियातील रिचमंडजवळ गेब्रिएल नावाच्या लोहाराने आखलेला उठाव ऐनवेळी आलेले वादळ व फितुरी यांमुळे फसला. १८११ मध्ये लुइझिॲनातील जर्मन कोस्ट भागात काहीशे गुलामांनी न्यू ऑर्लीन्सच्या रोखाने चाल केली. सोडतीत मिळालेल्या पैशातून स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतलेला सुतार डेन्मार्क व्हीझी याच्यावर १८२२ मध्ये चार्ल्स्टन येथे उठावाच्या कटाचा आरोप ठेवण्यात आला व त्याच्यासह ३५ जणांना फाशी देण्यात आले.

या सर्वांत दूरगामी परिणाम नॅट टर्नर (१८००–३१) याच्या उठावाचा झाला. व्हर्जिनियाच्या साउथॅम्प्टन परगण्यात २१ ऑगस्ट १८३१ च्या रात्री सुरू झालेल्या या उठावात सु. ५५ ते ६० गौरवर्णीय मारले गेले. त्याचा सूड म्हणून उठावाशी संबंध नसलेल्या अनेक कृष्णवर्णीयांचीही हत्या झाली. टर्नरला ११ नोव्हेंबर रोजी फाशी देण्यात आले. त्यानंतर व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने क्रमिक मुक्तीच्या प्रश्नावर जाहीर चर्चा केली. परंतु तो विचार फेटाळून उलट कृष्णवर्णीयांचे शिक्षण व धर्मोपदेश यांवरील निर्बंध वाढविले. दक्षिणेतील गुलामधारक सत्तेने आपण होऊन सुधारणेचा मार्ग चोखाळण्याची अखेरची मोठी संधी येथे गेली.

उत्तरेकडील क्रमिक निर्मूलन : गुलामगिरीचा धार्मिक व नैतिक निषेध क्वेकर पंथीयांनी लवकर केला. पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथील चार जणांनी १६८८ मध्ये सादर केलेले निवेदन हा इंग्रज वसाहतींतील पहिला लेखी निषेध समजला जातो. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या (१७७५–८३) काळात समता व स्वातंत्र्य ही तत्त्वे उद्‌घोषित झाली आणि ती गुलामगिरीशी विसंगत असल्याचे गुलामांनीच न्यायालयांपुढे मांडले. मॅसॅचूसेट्सच्या १७८० च्या संविधानात सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र व समान असल्याचे म्हटले होते. त्याच्या आधारे एलिझाबेथ फ्रीमन या गुलाम स्त्रीने १७८१ मध्ये दावा लावून आपले स्वातंत्र्य मिळविले. क्वॉक वॉकर या गुलामासंबंधीच्या खटल्यांनी (१७८१–८३) हेच तत्त्व दृढ केले. १७९० च्या जनगणनेत त्या राज्यात एकाही गुलामाची नोंद झाली नाही.

व्हर्मॉंटच्या १७७७ च्या संविधानाने प्रौढांची गुलामगिरी निषिद्ध ठरविली. इतर उत्तरेकडील राज्यांनी बहुधा क्रमिक मार्ग पतकरला. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याने त्यानंतर गुलाम स्त्रियांना होणाऱ्या मुलांना वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मुक्त करण्याची तरतूद केली. न्यूयॉर्कमध्ये १७९९ मध्ये सुरू झालेली प्रक्रिया ४ जुलै १८२७ रोजी पूर्ण झाली. अशा कायद्यांत मालकाचे आर्थिक हित सांभाळले जाई व त्याचा भार मुक्त होणाऱ्यांवर पडे. संघराज्याच्या १७८७ च्या संविधानात ‘गुलाम’ हा शब्द कटाक्षाने टाळला होता. पण प्रथेला त्यात पक्के संरक्षण मिळाले. प्रतिनिधिगृहातील जागा ठरविताना गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरण्यात आली. त्यामुळे ज्यांना मताधिकार नव्हता, त्यांच्याच संख्येवर त्यांच्या मालकांचे राजकीय बळ वाढले. फरारी गुलाम परत करण्याचे बंधनही संविधानात घालण्यात आले.

निर्मूलनवादी चळवळ : १८१६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन कॉलनायझेशन सोसायटीने मुक्त कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत वसविण्याची कल्पना मांडली. तीतून लायबीरियाची वसाहत निर्माण झाली. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फिया येथे मुक्त कृष्णवर्णीयांनी मोठी सभा भरवून या योजनेस विरोध केला; ज्या देशात आपण जन्मलो व कष्टलो, तोच आपला देश, अशी त्यांची भूमिका होती. १८२७ मध्ये सॅम्युएल कॉर्निश व जॉन रसवर्म यांनी न्यूयॉर्क येथे फ्रीडम्स जर्नल हे कृष्णवर्णीयांनी चालविलेले पहिले अमेरिकन वृत्तपत्र काढले. १८२९ मध्ये बॉस्टनमधील जुन्या कपड्यांचा व्यापारी डेव्हिड वॉकर याने प्रसिद्ध केलेल्या आवाहनपर पुस्तिकेत गुलामांना प्रतिकाराचा हक्क असल्याचे ठामपणे प्रतिपादिले होते. दक्षिणेतील राज्यांनी तिच्या प्रसारावर बंदी घातली.

विल्यम लॉइड गॅरिसन (१८०५–७९) याने १ जानेवारी १८३१ रोजी बॉस्टन येथे लिबरेटर हे साप्ताहिक सुरू केले. क्रमिक सुधारणेऐवजी तत्काळ व विनामोबदला मुक्ती ही त्याची मागणी होती. आरंभीच्या वर्गणीदारांत कृष्णवर्णीयच बहुसंख्य होते. डिसेंबर १८३३ मध्ये फिलाडेल्फिया येथे अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटीची स्थापना झाली. १८३८ पर्यंत तिच्या तेराशेच्या वर शाखा झाल्या होत्या. चळवळीला उत्तरेतही कडवा विरोध झाला. एलायजा लव्हजॉय या संपादकाचा छापखाना वाचविताना ७ नोव्हेंबर १८३७ रोजी इलिनॉयमधील ऑल्टन येथे जमावाने खून केला. काँग्रेसकडे अर्जांचा ओघ सुरू झाल्यावर असे अर्ज चर्चेस न घेण्याचा नियम प्रतिनिधिगृहाने १८३६ मध्ये केला. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स याच्या चिकाटीच्या विरोधानंतर १८४४ मध्ये तो रद्द झाला. या बंदीमुळे गुलामगिरीबद्दल उदासीन असलेल्या अनेकांना आपल्याच नागरी हक्कांवर गदा येत असल्याची जाणीव झाली.

अर्जांवर सह्या गोळा करण्याच्या कामी स्त्रियांचा वाटा मोठा होता. दक्षिण कॅरोलायनातील गुलामधारक कुटुंबात जन्मलेल्या सेरा व अँजेलिना ग्रिम्के या भगिनींनी जाहीर व्याख्याने दिली. स्त्रियांनी सार्वजनिक व्यासपीठावर यावे की नाही आणि राजकीय पक्ष काढावा की नाही, या प्रश्नांवरून १८४० मध्ये संघटनेत फूट पडली. स्त्रीहक्कांच्या चळवळीतील अनेक कार्यकर्त्यांची जडणघडण या वादातून झाली.

चळवळीला सर्वांत प्रभावी आधार पूर्वीच्या गुलामांच्या आत्मकथनांनी दिला. मेरिलंडमध्ये जन्मलेला फ्रेडरिक डग्लस (सु. १८१८–९५) १८३८ मध्ये खलाशाच्या वेशात पळाला. त्याचे आत्मचरित्र १८४५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मालकाचे नाव उघड झाल्याने पकडले जाण्याचा धोका निर्माण होऊन त्यास ब्रिटनला जावे लागले. तेथील स्नेह्यांनी पैसे जमवून १८४६ मध्ये त्याचे स्वातंत्र्य विकत घेतले. परतल्यावर त्याने रॉचेस्टर येथे नॉर्थ स्टार हे पत्र काढले (१८४७). हॅरिएट जेकब्झ हिने १८६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात मालकाच्या लैंगिक अत्याचारापासून सुटण्यासाठी आजीच्या घराच्या अरुंद माळ्यावर जवळजवळ सात वर्षे लपून काढल्याची हकीकत सांगितली आहे. गुलाम स्त्रियांवर होणाऱ्या अत्याचारांचे हे महत्त्वाचे साधन होय.

भूमिगत रेल्वे व फरारी गुलाम कायदा : पळणाऱ्या गुलामांना आश्रय देऊन उत्तरेकडील राज्ये व कॅनडा यांत पोहोचविणाऱ्या गुप्त व्यवस्थेस ‘भूमिगत रेल्वे’ म्हणत. ती रेल्वे नव्हती अथवा तिची एखादी मध्यवर्ती संघटनाही नव्हती. घरे, चर्च व गोठे ही तिची ‘स्थानके’ आणि वाट दाखविणारे ते ‘कंडक्टर’ होत. मुक्त कृष्णवर्णीयांच्या वस्त्या हा तिचा मुख्य आधार होता. फिलाडेल्फियातील विल्यम स्टिल याने शेकडो फरारींची टिपणे गुप्तपणे जपून ठेवली व ती १८७२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. हॅरिएट टबमन (सु. १८२२–१९१३) ही १८४९ मध्ये मेरिलंडमधून निसटली व पुढे सु. तेरा वेळा परत जाऊन तिने सु. सत्तर जणांना सोडवून आणले. हेन्री ब्राउन याने १८४९ मध्ये स्वतःला लाकडी पेटीत बंद करवून रिचमंडहून फिलाडेल्फियास मालाप्रमाणे पाठवून घेतले. पळून जाणाऱ्यांची संख्या एकूण गुलामांच्या मानाने अल्प होती. परंतु गुलाम आपल्या स्थितीत संतुष्ट आहेत, हा मळेवाल्यांचा दावा प्रत्येक पलायनाने खोटा पडे.

मळेवाल्यांच्या आग्रहाने १८५० मध्ये कडक फरारी गुलाम कायदा संमत झाला. पकडलेल्या व्यक्तीस स्वतःची साक्ष देता येत नसे. तिला ज्यूरीपुढील चौकशीचाही हक्क नव्हता. तिला मालकाच्या स्वाधीन केल्यास निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यास दहा डॉलर व मुक्त केल्यास पाच डॉलर शुल्क मिळे. कोणाही नागरिकास पाठलागात मदत करण्यास भाग पाडता येई. या कायद्याने गुलामगिरी उत्तरेच्या दारात आणून उभी केली. १८५१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील क्रिस्टियाना येथे कृष्णवर्णीयांनी शस्त्रे घेऊन पाठलाग करणाऱ्यांचा प्रतिकार केला. १८५४ मध्ये अँथनी बर्न्झ या फरारी तरुणास बॉस्टनहून परत पाठविण्यासाठी सैनिकांचा बंदोबस्त ठेवावा लागला. हॅरिएट बीचर स्टो हिची अंकल टॉम्स केबिन (१८५२) ही कादंबरी या कायद्याच्या प्रक्षोभातूनच लिहिली गेली. पहिल्याच वर्षी अमेरिकेत तिच्या सु. तीन लाख प्रती खपल्या.

राजकीय संघर्ष : नव्या प्रदेशांत गुलामगिरीस मुभा असावी की नाही, हा प्रश्न राजकारणाचा केंद्रबिंदू बनला. १८२० च्या मिसूरी तडजोडीने ३६° ३०´ उत्तर अक्षांशाची सीमा आखली होती. मेक्सिकोशी झालेल्या युद्धात (१८४६–४८) मिळालेल्या विस्तीर्ण भूमीमुळे हा वाद पुन्हा उफाळला. १८५४ च्या कॅनझस-नेब्रॅस्का कायद्याने मिसूरी तडजोड रद्द झाली आणि कॅनझसमध्ये दोन्ही पक्षांत रक्तपात झाला. त्याच वर्षी गुलामगिरीच्या विस्तारास विरोध करणारा रिपब्लिकन पक्ष जन्मास आला. ६ मार्च १८५७ रोजी ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश रॉजर टॉनी याने कृष्णवर्णीय हे संयुक्त संस्थानांचे नागरिक होऊ शकत नाहीत व प्रदेशांतून गुलामगिरी वर्ज्य करण्याचा अधिकार काँग्रेसला नाही, असा निर्णय दिला. तडजोडीची वाट त्यामुळे जवळजवळ संपली. ऑक्टोबर १८५९ मध्ये जॉन ब्राउन (१८००–५९) याने व्हर्जिनियातील हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारावर एका छोट्या तुकडीनिशी छापा घातला. तो फसला व २ डिसेंबर रोजी ब्राउनला फाशी झाली. परंतु दक्षिणेत त्यामुळे युद्धाची मनोभूमिका तयार झाली.

यादवी युद्ध व मुक्ती : नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन राष्ट्राध्यक्षपदी निवडून येताच दक्षिणेकडील राज्ये संघराज्यातून फुटू लागली. अखेर अशा अकरा राज्यांनी वेगळा राज्यसंघ स्थापन केला आणि १२ एप्रिल १८६१ रोजी युद्धास तोंड लागले. संघराज्य अभंग राखणे, एवढेच उत्तरेचे आरंभीचे घोषित उद्दिष्ट होते. त्याला वेगळी दिशा प्रथम गुलामांनीच दिली. मे १८६१ मध्ये फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी व जेम्स टाउनझंड हे तिघे गुलाम होडीतून व्हर्जिनियातील फोर्ट मन्‍रो या उत्तरेच्या ठाण्यात येऊन दाखल झाले. त्यांना शत्रूची तटबंदी उभारण्याच्या कामाला जुंपण्यात आले होते. सेनापती बेंजामिन बटलर याने त्यांना परत करण्याचे नाकारले. मालक त्यांना मालमत्ता म्हणवतो, तर शत्रूची युद्धोपयोगी मालमत्ता जप्त करता येते, असा त्याचा युक्तिवाद होता. ही वार्ता पसरताच शेकडो कुटुंबे त्या ठाण्याकडे लोटली. १६१९ मध्ये पहिले बंदिवान जेथे उतरले, त्या पॉइंट कंफर्टवरच हे ठाणे उभे होते. युद्ध संपेपर्यंत सु. चार ते पाच लाख लोकांनी उत्तरेच्या छावण्यांचा आश्रय घेतला. दक्षिणेच्या मळ्यांचे श्रमबळ त्यामुळे खचले आणि या लोकांचा दर्जा काय, हे ठरविणे सरकारला भाग पडले.

काँग्रेसने ऑगस्ट १८६१ व जुलै १८६२ मध्ये जप्तीचे कायदे केले. १६ एप्रिल १८६२ रोजी राजधानीच्या जिल्ह्यातील सु. ३,१०० गुलाम मालकांना मोबदला देऊन मुक्त करण्यात आले. १३ मे १८६२ रोजी रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम खलाशाने चार्ल्स्टन बंदरातून प्लँटर ही दक्षिणेची बोट, सहकारी व कुटुंबीय यांसह, उत्तरेच्या आरमाराच्या स्वाधीन केली. २२ सप्टेंबर १८६२ रोजी पूर्वसूचना देऊन लिंकनने १ जानेवारी १८६३ रोजी मुक्तीचा जाहीरनामा काढला. तो बंडखोर प्रदेशांपुरता मर्यादित होता. संघराज्यात राहिलेली डेलावेअर, मेरिलंड, केंटकी व मिसूरी ही गुलामगिरीची राज्ये, तसेच उत्तरेच्या ताब्यातील काही भाग त्यातून वगळले होते. तथापि त्याने उत्तरेच्या सेनेची प्रत्येक आगेकूच मुक्तीची आगेकूच बनली आणि कृष्णवर्णीयांना सैन्यात प्रवेश मिळाला.

सु. १,८०,००० कृष्णवर्णीय भूसेनेत व सु. १९,००० नौदलात दाखल झाले. त्यांतील बहुसंख्य पूर्वीचे गुलाम होते. सु. ४०,००० मृत्युमुखी पडले. त्यांपैकी बहुतेक रोगराईने दगावले. गौरवर्णीय शिपायास दरमहा १३ डॉलर मिळत, तर कृष्णवर्णीयास १० डॉलर व त्यांतूनही ३ डॉलर कपड्यांसाठी कापले जात. मॅसॅचूसेट्सच्या ५४ व्या पलटणीने अशा वेतनास स्पर्श करण्याचे नाकारले. जून १८६४ मध्ये काँग्रेसने समान वेतन मान्य केले. हॅरिएट टबमनने २ जून १८६३ रोजी दक्षिण कॅरोलायनातील काँबी नदीवरील मोहिमेत मार्गदर्शन केले व तीत सातशेहून अधिक गुलाम मुक्त झाले.

तेरावी घटनादुरुस्ती : युद्धकालीन जाहीरनामा शांतताकाळात टिकेल की नाही, याची शाश्वती नसल्याने संविधानातच बदल करणे आवश्यक होते. सीनेटने एप्रिल १८६४ मध्ये संमत केलेली घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहाने ३१ जानेवारी १८६५ रोजी ११९ विरुद्ध ५६ मतांनी स्वीकारली. ६ डिसेंबर १८६५ रोजी राज्यांच्या मान्यतेची आवश्यक संख्या पूर्ण झाली. लिंकन ते पाहण्यास हयात नव्हता. १५ एप्रिल रोजी त्याचा मारेकऱ्याच्या गोळीने मृत्यू झाला होता. तत्पूर्वी १९ जून १८६५ रोजी टेक्ससमधील गॅल्व्हस्टन येथे सेनापती गॉर्डन ग्रेंजर याने मुक्तीचा हुकूम जाहीर केला होता. या दिवसाचा उत्सव कृष्णवर्णीय समाज तेव्हापासून साजरा करीत आला असून २०२१ मध्ये तो राष्ट्रीय सुटीचा दिवस झाला. केंटकी व डेलावेअर येथील गुलाम मात्र घटनादुरुस्तीनेच मुक्त झाले. ब्रिटनने १८३३ च्या कायद्यान्वये मालकांना दोन कोटी पौंड भरपाई दिली. अमेरिकेत राजधानीचा जिल्हा वगळता मालकांना भरपाई मिळाली नाही. गुलामांना त्यांच्या श्रमांचा मोबदला दोन्हीकडे मिळाला नाही.

मुक्तीनंतरचा काळ : मुक्त झालेल्यांची प्रमुख मागणी जमिनीची होती. सेनापती विल्यम शर्मन याच्या १६ जानेवारी १८६५ च्या हुकुमान्वये दक्षिणेच्या किनारपट्टीवर सु. ४०,००० लोकांना जमिनी मिळाल्या. परंतु राष्ट्राध्यक्ष अँड्रू जॉन्सन याने त्याच वर्षी त्या पूर्वीच्या मालकांना परत केल्या. भूमिहीन राहिलेले बहुसंख्य लोक वाट्याने शेती करू लागले व कर्जात अडकले. चौदाव्या (१८६८) व पंधराव्या (१८७०) घटनादुरुस्त्यांनी नागरिकत्व, कायद्याचे समान संरक्षण व पुरुषांचा मताधिकार दिला. १८७० मध्ये हायरम रेव्हल्स हा सीनेटमधील पहिला कृष्णवर्णीय सदस्य झाला. १८७७ मध्ये दक्षिणेतील राज्यसरकारांना मिळणारा संघराज्याच्या सैन्याचा पाठिंबा काढून घेतल्यावर हे हक्क दहशत व कायद्यातील पळवाटा यांनी हिरावले गेले. तेराव्या घटनादुरुस्तीत गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या श्रमास अपवाद ठेवला होता. त्याचा आधार घेऊन किरकोळ आरोपांवरून कैद केलेल्या कृष्णवर्णीयांना खाणी व मळे यांवर भाड्याने देण्याची पद्धत फोफावली. अलाबामात ती १९२८ पर्यंत चालू होती. २०१८ मध्ये कोलोरॅडोने व त्यानंतर इतर काही राज्यांनी आपल्या संविधानातून हा अपवाद काढून टाकला. कायद्याने लादलेले विभक्तीकरण व मतदानातील अडथळे १९६४ आणि १९६५ च्या नागरी हक्क व मताधिकार कायद्यांनी दूर करण्यात आले.

भारताशी संबंध : यादवी युद्धापूर्वी ब्रिटिश गिरण्यांचा तीन-चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेतून येई. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखल्यावर मुंबईहून होणारी कापसाची निर्यात व त्याचा भाव प्रचंड वाढला. वऱ्हाड, खानदेश व गुजरात येथील कापूस-उत्पादकांना व मुंबईच्या व्यापाऱ्यांना त्याचा लाभ झाला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि मुंबईत भागभांडवलाच्या सट्ट्यावर उभारलेल्या अनेक पेढ्या व कंपन्या बुडाल्या. निर्मूलनाचा वैचारिक प्रतिध्वनीही महाराष्ट्रात उमटला. महात्मा जोतीराव फुले यांनी आपला गुलामगिरी (१८७३) हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला व शूद्रातिशूद्रांच्या दास्यमुक्तीसाठी त्यांचा कित्ता आपल्या देशबांधवांनी गिरवावा, अशी अपेक्षा व्यक्त केली. १९४६ मध्ये डॉ. भीमराव आंबेडकर यांनी विचारवंत विल्यम ड्यू बॉइस यास पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या.

इतिहासलेखन : विसाव्या शतकाच्या आरंभी अल्रिक फिलिप्स याच्यासारख्या इतिहासकारांनी गुलामगिरीचे सौम्य चित्र रंगविले होते. ड्यू बॉइसने १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुनर्रचनेच्या इतिहासात मळे सोडून जाणाऱ्या गुलामांच्या कृतीस सार्वत्रिक संपाची उपमा दिली. हर्बर्ट ॲप्थेकर याने १९४३ मध्ये सु. २५० उठाव व कट यांची नोंद केली. १९३६–३८ या काळात सरकारी योजनेखाली हयात असलेल्या दोन हजारांहून अधिक पूर्वीच्या गुलामांच्या मुलाखती घेण्यात आल्या. त्यामुळे मळेवाल्यांच्या कागदपत्रांना तोलून पाहता येईल असे दुसऱ्या बाजूचे साधन उपलब्ध झाले. केनेथ स्टँप व जॉन होप फ्रँक्लिन यांच्या ग्रंथांनी जुने मत मागे पडले. आज बहुतेक अभ्यासक निर्मूलनाकडे एका व्यक्तीचे वा एका हुकुमाचे फळ म्हणून पाहत नाहीत. पळणाऱ्या गुलामाने मालकी हक्काला दिलेले आव्हान, चळवळीने त्याला मिळवून दिलेले नैतिक पाठबळ आणि युद्धात अडचणीत आलेल्या शासनाने केलेला कायदा हे एकाच प्रक्रियेचे टप्पे होत. जमीन, मताधिकार व न्यायालयीन संरक्षण यांच्या अभावी कायद्याने दिलेली मुक्ती कशी अपुरी पडते, हेही मुक्तीनंतरच्या शंभर वर्षांच्या इतिहासावरून दिसून येते.